एक फुडं, एक मागं

"एक फुडं, एक मागं," इलाहीमामा गाडीच्या दाराशी उभे राहून म्हणाले, आणि मी नेहमीसारखी सीटच्या कडेवर पुढं सरकून बसले. डब्याची पिशवी मांडीवर घेतली. पिशवीत भाकरीच्या फडक्याखाली आईचं दाभण होतं.

माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये जे कधी बसले नाहीत त्यांना ही रीत सांगायला हवी. ट्रॅक्सची मधली सीट तिघांची असते आणि इलाहीमामा तिच्यावर चौघं बसवायचे. पहिल्यानं पाठ टेकून बसायचं, दुसऱ्यानं पुढं सरकून, तिसऱ्यानं पुन्हा टेकून, चौथ्यानं पुढं. असं केलं की खांद्याला खांदा अडत नाही आणि दार लागतं. वर्षानुवर्षं लोक असेच बसत आले होते आणि कुणाची तक्रार नव्हती. पुढं बसणाऱ्याला आपल्या पाठीमागं काय चाललंय ते दिसत नाही, एवढीच काय ती खोट.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत शर्टांच्या कारखान्यात कॉलर जोडायचं काम करायची. आमच्या गावापासून वसाहत अकरा किलोमीटर, पाळी आठला सुरू, आणि एसटी यायची पावणेनऊला. सायकलचं नाव काढलं तर बाबा हायवेवरचे ट्रक मोजून दाखवायचे. माझा भाऊ प्रवीण त्याच वसाहतीत फाउंड्रीत होता आणि त्याच्याकडे मोटरसायकल होती, पण तिच्या मागच्या सीटवर त्याचा दोस्त बसायचा. बहिणीला डबलसीट घेऊन गेलं की पोरं हसतात म्हणे. सख्ख्या भावाची गाडी रोज माझ्या वडापला ओव्हरटेक करून जायची आणि वर हॉर्नही वाजवायची.

त्याच वर्षी कारखान्यानं एका बाईंना कागद घेऊन पाठवलं होतं. तरुण कामगार कामावर कशानं येतात आणि त्यानंच का येतात, हे त्यांना हवं होतं. खाली चार चौकोन होते. पैसा, वेळ, सोय, सवय. मी 'वेळ'वर खूण केली. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या भारतीनंही माझं बघून तिथंच केली. आमच्या लाइनीतल्या तीन पोरी त्याआधी काम सोडून घरी बसल्या होत्या, त्यांना काही कुणी कागद दिला नाही.

आता मुद्द्याचं सांगते. चार महिने रोज सकाळी, साखर कारखान्याच्या वळणापासून ओढ्याच्या पुलापर्यंत, माझ्या उजव्या कुशीवर मागून एक हात यायचा. आधी ओढणीवर, मग ओढणीखाली. पूल आला की जायचा. सहा मिनिटं. मी पिशवी आडवी धरून बघितली, कोपर मारून बघितलं, दोन दिवस आजारी पडून बघितलं. ओरडायचं तेवढं केलं नव्हतं, कारण ओरडलं की दुसऱ्या दिवसापासून काम बंद होणार हे मला ठाऊक होतं. आमच्या घरी पोरीची चूक नसली तरी पोरीलाच घरात ठेवायची पद्धत होती. आणि मला ते काम हवं होतं. बाकी काही नाही, सकाळी घरातून बाहेर पडून आठ तास आपल्या नावानं कुठंतरी असणं मला हवं होतं.

मधल्या सीटवर जागा ठरलेल्या होत्या. डावीकडे दाराजवळ आण्णा, टेकून. मग मी, पुढं. माझ्या उजवीकडे भरतेश मगदूम, टेकून. आणि पलीकडच्या खिडकीला भारती, पुढं. आण्णा म्हणजे शंकरराव, एका कंपनीत टाइमकीपर, पन्नाशीपुढचे, कपाळाला गंध. गाडीत पोरी चढायला लागल्या की तेच मागच्या पुरुषांवर डाफरायचे, लेकीबाळींना वाट द्या म्हणायचे. मला बाळ म्हणायचे. भरतेश माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, लेथ मशीनवरचा टर्नर, शेजारच्या गावचा. बोलायचा नाही. मांडीवर डबा घेऊन खिडकीकडे बघत बसायचा. तो या गाडीला लागला त्याला चार महिने झाले होते, आणि हातालाही चार महिने झाले होते. हात उजवीकडून यायचा आणि उजवीकडे भरतेश होता. याला काय वेगळा पुरावा लागतो?

त्या सोमवारी वळण आलं आणि हात आला. मी भाकरीच्या फडक्याखालून दाभण काढलं. वीतभर लांब, गोधडीचे सहा थर एका दमात पार करणारं. मागं वळायला जागाच नव्हती. मी उजवा हात कुशीवरून मागं नेला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून खुपसलं.

ते कुठंतरी मऊ जागी शिरलं आणि खाली सीटच्या रेक्झिनमध्ये रुतलं. भरतेश ओरडला. त्याचा डावा हात, मांडीवर डबा असल्यामुळे बाजूला सीटवर टेकवलेला, अंगठ्याजवळ सीटला टाचला गेला होता. त्यानं तो उपसला तेव्हा रक्त माझ्या ओढणीवर उडालं. मी तेव्हा चार महिन्यांचं ओरडले. हा रोज हात लावतो म्हणून ओरडले.

इलाहीमामांनी गाडी पुलाच्या अलीकडे बाजूला घेतली. पहिली कॉलर धरली ती आण्णांनी. "आमच्या लेकींवर हात टाकतोस?" म्हणत त्यांनी त्याला माझ्या मांडीवरून ओढत बाहेर काढला आणि मागच्या बाकांवरचे सहाजण आपोआप खाली उतरले. भरतेश उभा राहायला बघत होता. त्याच्या तोंडावर पहिला ठोसा बसला, मग दुसरा, आणि मग कुणाचा कितवा ते राहिलंच नाही. मागून येणाऱ्या मोटरसायकली थांबल्या. काय झालं असं विचारायचे, उत्तर निम्मं ऐकायचे आणि हेल्मेट काढून मारायला लागायचे. ज्यांनी मला कधी बघितलंही नव्हतं त्यांनीही वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले. एकानं पोटात लाथ घातली, ती बघून दुसऱ्यानं घातली. भरतेशच्या नाकातून आणि तोंडातून रक्त येत होतं आणि त्याला धूळ चिकटत होती. त्याचा डबा गटारीत पडला होता.

तो दुसऱ्या कुणाशी बोलतच नव्हता. माझ्याकडे बघून म्हणत होता, "ताई, मी न्हाई. तुम्हीच सांगा की यांना."

मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. दोनदा, तीनदा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकं बरं मला त्याआधी आयुष्यात वाटलं नव्हतं.

तेवढ्यात प्रवीणची गाडी आली. रक्तानं भरलेली माझी ओढणी बघितली आणि त्याचं डोकं फिरलं. इलाहीमामांच्या सीटखालून त्यानं चाकं खोलायची लोखंडी टॉमी काढली. चौघांनी भरतेशला आडवा दाबून धरला होता. प्रवीणनं त्याचा उजवा हात ओढून पुलाच्या कठड्याच्या दगडावर ठेवला, मनगटाच्या वर पाय दिला आणि टॉमी मारली. पहिल्या घावाला भरतेश किंचाळला. तिसऱ्या घावाला त्याचा आवाज बंद झाला होता, पण प्रवीणचा हात थांबला नव्हता. इलाहीमामा मध्ये पडले म्हणून थांबला. "बास करा, मरंल पोरगं," म्हणत त्यांनी टॉमी हिसकावून घेतली. त्या एवढ्या गर्दीत ज्यांनी हात उचलला नाही ते इलाहीमामा एकटेच.

पुढचे तीन दिवस माझी वरात निघायची बाकी होती. पोलीस चौकीत माझा जबाब झाला. भरतेशवर विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला, आणि मारहाण अज्ञात जमावानं केली असं लिहिलं गेलं. पेपरात माझं नाव न घालता चार ओळी आल्या. कारखान्यात मॅनेजरनं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. बाबा कधी नव्हे ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून दाभणाची गोष्ट सांगत राहिले. प्रवीणला दोस्तांनी खांद्यावर घेतलं. सरकारी दवाखान्यात भरतेशच्या मनगटाच्या हाडांचा चुरा निघाला, लेथचा हँडल आता त्याला धरता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याचं ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं, हे सगळं मला वडापमध्येच कळलं. सांगणारा म्हणाला, बरं झालं.

ते तीन दिवस इलाहीमामांनी मला पुढं स्वतःशेजारी बसवलं होतं. शुक्रवारी मी परत मधल्या सीटवर बसले. भरतेशच्या जागी भारती सरकली होती, टेकून, आणि तिच्या खिडकीला एक नवी पोर, पुढं. आण्णा त्यांच्या जागी. मला म्हणाले की आता भिऊ नको. मी खरंच भीत नव्हते. पिशवीत काही नव्हतं, दाभण पोलिसांकडे होतं.

वळण आलं आणि माझ्या उजव्या कुशीवर हात आला.

मी हललेच नाही. मान वळवून फक्त भारतीकडे बघितलं. तिचे दोन्ही हात पिशवीच्या बंदावर होते. तिनं माझ्या पाठीमागं बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग खिडकीबाहेर. तेव्हा मला ते साधं गणित कळलं. मी पुढं सरकून बसलेली, माझ्या पाठीमागं हातभर जागा मोकळी. डावीकडे टेकून बसलेल्या माणसानं हात लांब केला की तो माझ्या पाठीमागून जाऊन उजवीकडे निघतो. चार महिन्यांपूर्वी उजवीकडे एक तरुण मुलगा येऊन बसला म्हणून या माणसाची हिंमत झाली होती. त्याआधी तिथं एक म्हातारी बसायची.

आण्णा माझ्या कानाशी वाकले. आवाज नेहमीसारखाच, मायेचा. "आता कुणाला टोचणार, बाळ?"

पूल आला आणि हात गेला. मी कारखान्यात गेले, दिवसभर कॉलरी जोडल्या, त्यातल्या चाळीस उलट्या जोडल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण सहज म्हणतो. फाशी देणारे हात आपले निघाले की ती म्हण तोंडातून निघत नाही.

संध्याकाळी जेवणं व्हायच्या आत मी घरात सगळं सांगितलं. बाबांनी घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले की त्या आण्णाच्या गाडीत उद्यापासून बसू नकोस, काम सोड, विषय संपला. मी म्हटलं, भरतेशचं काय? गुन्हा त्याच्या नावावर आहे. तो तुरुंगात जाईल. मी उद्या चौकीवर जाऊन खरं सांगणार आहे.

प्रवीण जेवता जेवता थांबला. "आणि मारलं कुणी, ते विचारतील तवा?"

याचा विचार मी दिवसभर टाळला होता. भरतेश गुन्हेगार होता तोवर त्याला मारणारे अज्ञात होते. तो निर्दोष ठरला की त्यांना नावं येणार होती, आणि सगळ्यात पहिलं नाव माझ्या ताटाला ताट लावून जेवत होतं.

बाबा म्हणाले, आपलेच दात आणि आपलेच ओठ. प्रवीण म्हणाला की त्यानं जे केलं ते माझ्यासाठी केलं. ते खरंच होतं. शेवटी आई बोलली. आई आमच्या घरात फार कमी बोलायची.

"त्या पोराचा हात काय आता माघारी येणार हाय का?" ती म्हणाली. "मग ह्या पोराचं आयुष्य कशाला घालवतीस?"

मला आईचा राग आला नाही. तिचा हिशेब तिच्या जागी बरोबर होता. पण त्याच हिशेबानं आण्णा दुसऱ्या दिवशी परत माझ्या शेजारी बसणार होते, आणि माझ्या जागी दुसरी पोर असली तर तिच्या शेजारी.

शनिवारी सकाळी मी परत फाट्यावर गेले. घरात वाटलं, मालकाला काम सोडते म्हणून सांगायला चालली. मी मधल्या सीटवर बसले, पुढं सरकून. आण्णा टेकून. भारती टेकून, पण ती आज माझ्यापासून जमेल तेवढी लांब सरकली होती. गाडी भरलेली होती, आणि मागच्या बाकांवर सोमवारचेच चेहरे होते.

वळण आलं. हात येईल की नाही याची मला शंका होती, पण माणूस एकदा निर्धास्त झाला की झाला. हात आला. मी माझ्या दोन्ही हातांनी तो मनगटाजवळ धरला, नखं रुतवून, आणि भारतीच्या मांडीवर ओढून घेतला. मग ओरडले की गाडी थांबवा आणि हा हात कुणाचा आहे तो बघा.

इलाहीमामांनी गाडी थांबवली. सगळ्यांनी बघितलं. माझ्या पाठीमागून निघालेला, पांढऱ्या शर्टाच्या बाहीतला, घड्याळ घातलेला हात. त्याच्या पलीकडच्या टोकाला आण्णा होते. आण्णांना तो सोडवता येईना, कारण मी सगळं अंग त्याच्यावर टाकलं होतं. ज्यांनी पाच दिवसांपूर्वी निम्मी गोष्ट ऐकून माणूस तुडवला होता त्यांच्यासमोर आता पूर्ण गोष्ट धरलेली होती.

कुणीही उठलं नाही.

आण्णा म्हणाले, "गाडी वळली की हात लागतो एखाद्या वेळी. पोरीच्या डोक्यात बसलंय ते. दोष तिचा न्हाई." मागच्या बाकावरून कुणीतरी लगेच हां म्हणालं. दुसरा म्हणाला की खड्डा होता खरा. तिसऱ्यानं कामाला उशीर होतोय असं म्हटलं. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि जो तो बाहेर ऊस बघायला लागला. आण्णांवर हात उचलायचा म्हणजे भरतेशवर उचललेला हात चुकला असं कबूल करायचं, आणि ते कुणाच्यानं होणार होतं? वाईट इतकंच वाटलं की त्यांच्या जागी मी असते तर मीही बाहेरच बघितलं असतं.

इलाहीमामा खाली उतरून आले आणि दार उघडलं. "उतरा आण्णा," एवढंच म्हणाले.

मी हात सोडला. आण्णा सावकाश उतरले, शर्ट नीट केला. उतरताना आधाराला त्यांनी उजवा हात दाराच्या चौकटीवर ठेवला होता, आणि तो तिथंच ठेवून ते आत वाकून इलाहीमामांना सांगायला लागले की पोरीच्या नादानं धंदा बुडवून घेऊ नका. बोटं चौकटीवर होती. दार माझ्या हाताजवळ होतं. ट्रॅक्सचं दार जड असतं, लोखंडी, ते लागावं म्हणून रोज जोरातच ओढावं लागतं. मी ते दोन्ही हातांनी ओढलं.

आवाज आधी आला आणि आण्णांची किंकाळी नंतर. दार लागलं नाही, मध्ये बोटं होती. मी ते उघडलं आणि बोटं निघायच्या आत पुन्हा ओढलं. दुसऱ्या वेळेला लागलं. आण्णा दाराला लटकून खाली बसले, त्यांना ओरडता येत नव्हतं, नुसता घशातून आवाज येत होता. काचेवर रक्ताचा ओघळ आला. यावेळी मला बरं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. पलीकडच्या दारानं उतरले आणि चालायला लागले.

पुलापासून पोलीस चौकी चार किलोमीटर होती. हवालदार तेच होते ज्यांनी सोमवारी माझा जबाब लिहिला होता. त्यांनी मला पाणी दिलं आणि नीट समजावून सांगितलं. आधीचा जबाब चुकीचा म्हटलं तर दाभणाचा गुन्हा माझ्यावर येईल, आज जे केलं त्याचा वेगळा, आणि पोरीच्या जातीनं हे सगळं कशाला अंगावर घ्यायचं. मी म्हटलं लिहा. त्यांनी लिहिलं. आण्णांचं लिहिलं, बसायच्या रीतीचं लिहिलं, त्यासाठी मला चार खुर्च्या मांडून दाखवाव्या लागल्या. मग त्यांनी पेन थांबवलं.

"सोमवारी मनगटावर टॉमी कुणी मारली, बघितलंसा?"

बाहेर पाळीचे भोंगे झाले होते. लहानपणी मी नदीत बुडत होते तेव्हा मला केसांना धरून ओढणारा प्रवीण आठवला. आठवायचं नव्हतं, पण आठवला.

"माझ्या भावानं," मी म्हटलं. मग पूर्ण नाव सांगितलं.

भरतेशवरचा गुन्हा मागे घेतला गेला. प्रवीणला दीड वर्षाची शिक्षा झाली, भरतेशला दाबून धरणाऱ्या चौघांपैकी दोघांनाही तेवढीच. मला दोन्ही प्रकरणांत दंड झाला. आण्णा निर्दोष सुटले. गाडीतल्या अकरा जणांपैकी एकानंही काही बघितलं नव्हतं. भारतीचं तोवर लग्न झालं होतं आणि तिच्या सासरच्यांनी तिला कोर्टात येऊ दिलं नाही. इलाहीमामा बोलले, पण ते समोर बघून गाडी चालवत होते असं वकिलानं त्यांच्याकडूनच वदवून घेतलं. आण्णांची दोन बोटं वाकडी राहिली, तेवढीच काय ती त्यांची शिक्षा. ती मी दिलेली, कायद्यानं नाही.

प्रवीण सुटून आला तो दुसऱ्या घरात राहायला गेला. आजही बोलत नाही. बाबा गेले तेव्हा त्यानं मला खांदेकऱ्यांच्या गर्दीतून बाजूला ढकललं, एवढाच त्या वर्षांतला त्याचा माझा स्पर्श. मी वसाहतीतच खोली घेऊन राहिले, मग हप्त्यानं स्कूटर घेतली. भरतेशच्या घरी एकदा गेले होते. त्याच्या आईनं दार उघडलं, मी कोण ते ऐकलं आणि शांतपणे लावून घेतलं.

या सगळ्याला सहा वर्षं झाल्यावरची गोष्ट. मे महिना, दुपारचे अडीच. मी स्कूटरवरून येत होते आणि रस्त्याच्या कडेनं भरतेश चालला होता. वसाहतीतल्या एका वजनकाट्यावर तो डाव्या हातानं पावत्या लिहायच्या कामाला लागलाय हे मला माहीत होतं. त्याचं गाव सात किलोमीटर. रोज जाताना चालत, येताना चालत, हेही ऐकलं होतं. लोक म्हणायचे व्यायामासाठी, कुणी म्हणायचं कंजूष आहे. डांबर वितळलं होतं आणि रस्त्यावर दुसरं माणूस नव्हतं. मी पुढं जाऊन थांबले.

त्यानं मला ओळखलं. उजवा हात खिशात होता, तो त्यानं तसाच ठेवला. मला जे बोलायचं होतं ते सहा वर्षं पाठ केलेलं होतं आणि त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी फक्त मागची सीट फडक्यानं पुसली.

"ऊन लई हाय," मी म्हटलं. "बसा की. गावापातूर सोडते."

तो सीटकडे बघत राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"बसलो असतो, ताई," तो म्हणाला. "पण मागं बसून हात कुठं ठेवू, तेवढं सांगा."

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच हवं होतं उत्तर. मी सांगेन म्हणून तो उन्हात थोडा वेळ थांबला, आणि मग चालायला लागला.